दात्याचे धान्य आणि भुकेल्याचे शेत

दुष्काळात सरकारी कोठारे उघडून रयतेला जगविणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्यांचे कोठार भुकेल्यांच्या दाराशीच होते. पण कोठार सातासमुद्रांपलीकडे असेल तर?

हा प्रश्न कॅनडातील काही श्रद्धाळू शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातील एक शांततावादी पंथ. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण रशियातील त्यांच्या वसाहतींवर उपासमार ओढवली, तेव्हा अमेरिकेतील पंथबांधवांनी १९२० साली साह्य-समिती स्थापून त्यांना अन्न पुरविले. पुढे त्यांतील सुमारे २० हजार माणसे कॅनडात येऊन स्थायिक झाली. खाल्लेल्या घासाचे ऋण ते विसरले नाहीत. त्या समितीच्या कॅनडा शाखेने १९७६ मध्ये धान्यपेढी काढली आणि १९८३ मध्ये इतर पंथांना सामील करून घेऊन तिची ‘कॅनेडियन फूडग्रेन्स बँक’ झाली. गावचे शेतकरी एखादे शेत मिळून पेरतात, मिळून कापतात आणि त्याचे उत्पन्न या बँकेस अर्पण करतात. सरकारही त्यात आपली भर घालते.

परंतु सरकारी पैशाला एक अट होती. त्यातून घ्यावयाच्या धान्यापैकी ९० टक्के धान्य कॅनडाचेच हवे! जहाज आफ्रिकेस पोहोचेपर्यंत महिने लोटत आणि बराच पैसा वाहतुकीतच जिरे. शिवाय दुष्काळी भागाशेजारी पीक चांगले आलेले असले, तर बाहेरच्या धान्याने तेथील गरीब शेतकऱ्याचा भाव पडण्याची भीती असे. एकाची भूक भागवावी आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय यावा, हे कसले अन्नदान?

म्हणून बँकेने आपल्याच सरकारकडे ही अट काढण्याचा आग्रह धरला. २००५ मध्ये निम्मे धान्य गरीब देशांत घेण्याची मुभा मिळाली आणि २००८ मध्ये अट पूर्णपणे गेली. विशेष हे की, अटीमुळे ज्यांच्या गव्हाला हमखास गिऱ्हाईक होते, त्याच शेतकऱ्यांच्या संस्थेने ही मागणी केली. आपण पिकविलेला दाणा भुकेल्याच्या ताटात पडावा, हे समाधान त्यांनी सोडले.

परगावी संकट कोसळले की आपल्या मंडळांतूनही धान्याची पोती भरली जातात. तो उत्साह वंद्यच आहे. मात्र पोते शिवण्यापूर्वी तेथल्या बाजारात काय मिळते, एवढी चौकशी अवश्य करावी.