वारसा हक्काचा, नंबर मेहेरबानीचा

लिस्बनमध्ये माणूस गेला की परदेशातल्या वारसाने आधी रडायचे नसते, नंबर काढायचा असतो. नऊ आकडी करदाता क्रमांक, बोलीत ‘निफ’. तो नसेल तर पोर्तुगालच्या दप्तरी तुम्ही वारस नाही, भाऊबंद नाही, कुणीच नाही.

माझे काका १९६१ च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना, शिकायला लिस्बनला गेले आणि तिथलेच झाले. लग्न केले नाही. मागे उरला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि आम्ही पुतणे : कोणी फोंड्यात, कोणी पुण्यात, एक टोरांटोत. निफ प्रत्येकाचा हवा. एकाचा अडला की सगळ्यांची फाईल अडली.

मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. मृत्यूनंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वारसांनी करखात्याला मिळकतीची यादी द्यायची. उशीर झाला की दंड. इकडे निफसाठी तिथल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यायचे. आधी नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल, मग पोर्तुगीज भाषांतर. अर्जात रस्त्याचे नाव आणि दार क्रमांक मागतात. आमचा पत्ता म्हणजे वाड्याचे नाव आणि ‘मारुतीच्या देवळामागे’. “पण रस्ता कोणता?” मध्यस्थ बाईंनी फोनवर विचारले. रस्ता आहे हो बाई, त्याला नाव नाही! काकांच्या कागदांवर नावात ‘सिनाय’ आहे, माझ्या पासपोर्टवर नाही. झाले, नातेच संशयित. ज्या राजवटीच्या दप्तरात आमच्या आजोबांच्या नावापुढे हे ‘सिनाय’ चढले, तिच्याच देशात आता आम्ही कोण ते सिद्ध करत बसायचे.

खरी चीड पुढेच आहे. निफ फुकट मिळतो. सरकार त्याचा एक सेंटही घेत नाही. आम्ही ज्या कचेरीकडे काम दिले तिने मात्र तो काढून देण्याची फी लावली आणि वर ‘कर-प्रतिनिधी’ म्हणून दरवर्षीची वेगळी. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने असा प्रतिनिधी नेमावा हा नियम आहे खरा. पण इलेक्ट्रॉनिक नोटिसा स्वीकारल्या तर २०२२ पासून त्यातून सुटका आहे. कचेरीच्या लांबलचक पत्रात एवढेच लिहायचे राहून गेले होते. सरकार जिथे दार किलकिले ठेवते, तिथे दलाल उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसणारच.

कराबद्दल माझी तक्रार नाही. पत्नी, मुले आणि आईवडिलांना तिथे वारशावर माफी आहे, पुतण्याला १० टक्के मुद्रांक शुल्क. आपल्याकडे मृत्युकर १९८५ मध्येच गेला, पण त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. आम्ही भरू. भरायलाच तर आलो आहोत! करचुकवेगिरी रोखायला नंबर लागतो म्हणतात. मान्य. मग जो आपण होऊन पैसे घेऊन आला आहे, त्यालाच बाहेर ताटकळत ठेवून वर उशिराचा दंड कसला लावता?

आणि आपणही हसू नये. टोरांटोचा चुलतभाऊ आता कॅनडाचा नागरिक. गोव्यातला वडिलोपार्जित वाटा विकायचा तर त्याला पॅन हवा. परदेशी नागरिकाचा अर्ज वेगळा आणि कागदांच्या साक्षांकनाची कटकट तीच. शिवाय लिस्बनचा फ्लॅट नावावर आल्यावर मी तो इथल्या रिटर्नमध्ये दाखवला नाही, तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड तयारच आहे. हक्क मिळवून द्यायला दोन्ही सरकारांना सवड नाही. दंडाच्या बाबतीत दोघेही तत्पर.

उपाय काही अवघड नाही. वारस ठरवणारा दस्त करताना वारसांची ओळख तपासली जातेच. नंबर तिथेच द्या. परदेशी वारसाची मुदत नंबर हाती पडल्या दिवसापासून मोजा. फ्लॅट तुमच्या शहरात आहे, गेलेल्याची नोंद तुमच्याकडे आहे, कर तुम्हालाच मिळायचा आहे. यात पळून जाणार आहे ते कोण?