टायर मोठा, पण गाडी तीच!

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटची फळाफुलांची गजबज मागे टाकून जुन्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत शिरले की वासच बदलतो. ग्रीस, डिझेल आणि रबर! दारे, बंपर, रेडिएटर यांचे ढीग आणि एकावर एक रचलेले टायर. मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला भाग इथे दुसऱ्या गाडीच्या कामी येतो. कानावर कन्नड, तमिळ आणि दख्खनी पडत असते. त्या दख्खनीतला ‘नक्को’ ऐकून मराठी माणसाला बरे वाटते, कारण तो आपल्याच ‘नको’चा भाऊ. मोठ्या टायरच्या मोहाने इथे येणाऱ्याने तोच शब्द खिशात ठेवलेला बरा.

असाच एक तरुण डोळ्यांसमोर आणा. घर चंदगडकडे, काजूची बाग, अंगणात पंधरा-सोळा वर्षांची फोर बाय फोर पिकअप. मुलगा बंगळुरूला नोकरीत. गाडी दुरुस्तीसाठी त्याने इकडे आणली आहे. गल्लीत त्याला रुंद, खोल नक्षीचे टायर दिसतात आणि तो घरी फोन लावतो.

“बाबा, एकतीस इंची टायर मिळतायत. पावसाळ्यात बागेत गाडी अडकायचीच नाही!”

“अरे, चिखलातून निघेल रे. पण तुझ्या आईला घेऊन घाट उतरताना वेळेवर थांबेल का, ते विचार.”

हौसेला मोल नसते हे खरे. पण वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हौसेत नाही, साध्या गणितात आहे.

आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे काही लिहिलेले असते. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे टायरची बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ हा रिमचा इंचांतला व्यास. हिशेब केला तर या टायरची एकूण उंची सुमारे ७०४ मिलिमीटर भरते. ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटरचा. म्हणजे जवळजवळ १२ टक्के मोठा. मात्र गाडीचे पोट जमिनीपासून उचलले जाते ते वाढीच्या निम्मेच, सुमारे ४२ मिलिमीटर. दिसायला गाडी हत्तीसारखी, मिळकत तीन बोटांएवढी!

आता उरलेल्या गोष्टी पाहा. चाकाची एक फेरी पूर्वीपेक्षा जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९० च्या आसपास धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे तेल बदलण्याची वेळ आपल्या नकळत उलटून जाते. प्रत्येक गिअर जणू थोडा ‘लांब’ होतो. जिथे पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढण निघायची, तिथे दुसरा टाकावा लागतो. क्लच लवकर झिजतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. चाक जितके मोठे, तितका ते थांबवायला जोर जास्त. इथे तो सुमारे १२ टक्के जास्त लागतो, शिवाय जड चाकाची गतीही मोडावी लागते. उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिनाचा रोधही पूर्वीपेक्षा कमी मिळतो. म्हणजे ब्रेकवर भार दोन्हीकडून वाढतो. जुन्या गाडीचे लायनर झिजलेले असले आणि मागे माल भरलेला असला, तर घाटात ड्रम तापतात आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. वडिलांना नेमके हेच म्हणायचे होते.

दोनच टायर? नको!

पैसे वाचवण्यासाठी ‘सध्या मागचे दोन मोठे टाकू, पुढचे नंतर’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. साध्या गाडीतही तो बरा नाही, फोर बाय फोरमध्ये तर धोक्याचाच. अशा जुन्या गाड्यांत बहुधा पुढचा आणि मागचा आस ट्रान्स्फर केसमधून थेट जोडला जातो. चाकांचे घेर वेगळे असले की दोन्ही आसांना वेगवेगळ्या गतीने फिरायचे असते, पण त्यांना तशी मोकळीक नसते. तो ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. चिखलात चाक घसरून तो सुटतो, कोरड्या डांबरावर मात्र भाग तुटण्याची भीती असते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनीही त्याच मापाची हवी आणि ती तिच्या जागेत बसते का, हेही आधी पाहावे.

जुना टायर घेताना बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचावा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी बाजूला बारीक तडे असतील, आतून मोठे ठिगळ असेल किंवा नक्षी हत्याराने पुन्हा कोरलेली वाटली, तर सरळ ‘नक्को’ म्हणावे. टायरची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही.

बसवल्यावर चाक कुठे घासते का, हे गाडी सपाट जमिनीवर उभी असताना कळत नाही. एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. घासले तर मडगार्ड कापणे किंवा पाट्यांखाली ठोकळे देऊन गाडी उचलणे, हा उपाय सुचवला जातो. त्याने स्टिअरिंगचे दांडे आणि प्रोपेलर शाफ्ट यांचे कोन बदलतात, गाडीचा तोल वर सरकतो. एक दुखणे झाकायला दुसरे विकत घेतल्यासारखे ते होते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झालाच, तर विम्याच्या वेळीही हा विषय निघू शकतो.

मग करावे काय?

आधी गाडी चिखलात का अडकते ते शोधावे. पुष्कळदा दोष उंचीचा नसतो, गुळगुळीत झालेल्या नक्षीचा असतो. त्याच मापाचे, खोल नक्षीचे नवे टायर टाकले तरी निम्मे काम होते. चिखलाच्या तुकड्यापुरती हवा थोडी कमी करून सावकाश जावे. टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची, ही अट मात्र मोडायची नाही.

थोडा मोठा टायर हवाच असेल, तर कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेले माप कोणते, ते माहितीपुस्तिकेत पाहावे. वरच्या उदाहरणात २३५/७५ आर १५ हे माप फक्त चार टक्क्यांनी मोठे आहे. पण कंपनीची मान्यता नसेल तर तेही टाळावे.

आणि खर्चाचा क्रम ठरवावा. पहिले पैसे ब्रेकच्या लायनरला आणि सिलिंडरला, मग चाकांच्या बेअरिंगला आणि स्टिअरिंगच्या जॉइंटला, मग पाट्यांना. टायर त्यानंतर. या कामांनी गाडीचा फोटो काही देखणा येणार नाही. पण पावसात, माल भरलेला असताना आणि शेजारी आई बसलेली असताना, वळणावर समोर एखादी म्हैस आली, तर गाडी तिच्या अलीकडे थांबेल. वडिलांनी फोनवर विचारले होते ते एवढेच.