आधार केव्हा सोडावा?

स्मरणिकेच्या निमित्ताने गतवर्षाचा आढावा घेताना क्रीडाविभागातील एका लहानशा वादाची नोंद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरते, म्हणून आम्ही सभागृहाच्या एका कोपऱ्यात सायकल-सरावाचे रोलर मांडले. दुसऱ्याच आठवड्यात आठवीतील एक विद्यार्थिनी त्यांवरून घसरली. तिचे कोपर खरचटले. तेव्हा काही पालकांनी सुचविले की, रोलर काढून टाकावेत आणि मागील चाक घट्ट धरून ठेवणारा स्टँड आणावा. ही सूचना काळजीपोटी होती, हे आम्ही जाणतो. तरीही ती आम्हांस मान्य झाली नाही.

स्टँडवर पाय बळकट होतात, परंतु तोल सांभाळण्याचा प्रसंगच येत नाही. रोलरची रचना निराळी आहे. चौकटीत तीन दंडगोल आडवे बसविलेले असतात. दोन मागील चाकाखाली व एक पुढील चाकाखाली. पट्ट्याच्या योगे मागील दंडगोलाची गती पुढील दंडगोलास मिळते व दोन्ही चाके फिरू लागतात. सायकल कोठेही बांधलेली नसते. ती डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळवूनच चाके पुन्हा भाराखाली आणावी लागतात. रुंद रस्त्यावर ही दुरुस्ती ध्यानातही येत नाही. हातभर रुंदीच्या दंडगोलावर मात्र बारीकशी चूकही तत्काळ कळते.

नवशिक्या भयाने पायडल हळू मारतो आणि खाली चाकाकडे पाहतो. नेमके तेथेच तो फसतो. वेग मंदावला की सायकल डगमगते; नजर खाली गेली की हात गरजेपेक्षा अधिक वळतो. म्हणून दृष्टी समोर, पकड सैल आणि पाय अखंड फिरते ठेवावेत. थांबताना आधी हात भिंतीस लावावा, मग वेग कमी करावा.

दोष आमचाही होता. प्रारंभी रोलर भिंतीलगत नव्हते, शेजारी शिक्षक उभा नव्हता. आता दोन्ही व्यवस्था आहेत व हेल्मेट सक्तीचे आहे. रोलरवर वळण नाही, ब्रेकचा सराव नाही, समोरून येणारे वाहन नाही. म्हणून मैदानावर सायकल शिकलेल्यांनाच आम्ही त्यांवर बसवितो.

घसरलेली ती विद्यार्थिनी चौथ्या दिवशी परत आली. काही आठवडे तिची बोटे भिंतीवरून निघाली नाहीत. एके सायंकाळी ती निघाली. आम्ही शेजारीच होतो, पण हात पुढे केला नाही. तो मोह आवरणे आम्हांस सोपे गेले नाही. घरापासून दूर आलेल्या मुलांना आधार देणे हे निवासी शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु तो वेळीच काढून घेणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे, असे आमचे मत आहे.

येत्या पावसाळ्यातही रोलर त्याच कोपऱ्यात असतील. पालकांनी एकदा येऊन पाहावे, ही नम्र विनंती.