असते तसे नव्हे, दिसते तसे

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, असे विचारणाऱ्या रुग्णांना मी औषधांच्या चिठ्ठीवर कधीकधी एक पेन्सिल आणि एक कोरी वही लिहून देतो. उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘डॉक्टर, चित्रकला काही आमच्या हातात नाही.’ शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेली मंडळीही हेच म्हणतात. वस्तुचित्रातला वाकडा तांब्या आणि अक्षरलेखनातली खाडाखोड एवढेच त्यांच्या स्मरणात उरलेले असते. वाचकहो, यात दोष हाताचा क्वचितच असतो. मेंदूला जे ठाऊक असते ते डोळ्यांना दिसणाऱ्यावर मात करते. हे ओळखणे ही यथादर्शनाची, म्हणजेच पर्स्पेक्टिव्हची, पहिली पायरी होय.

एक प्रयोग करून पाहावा. एक तळहात पूर्ण लांब करून धरा, दुसरा त्याच्या निम्म्या अंतरावर. दोन्ही साधारण सारखेच भासतील. आता एक डोळा मिटून जवळचा तळहात लांबच्या तळहातासमोर सरकवा. लांबचा जवळजवळ निम्मा दिसेल. वस्तू दुप्पट दूर गेली की दृष्टिपटलावरील तिची प्रतिमा निम्मी होते. परंतु मेंदू अंतराचा हिशेब करून तिचा आकार स्थिर मानतो. ही सोय नसती, तर अंगणातून दूर धावणारे मूल आक्रसत चालल्यासारखे वाटले असते. व्यवहारात मोलाची असलेली ही देणगी चित्र काढताना मात्र आड येते. पेल्याचे तोंड गोल आहे हे ठाऊक असते, म्हणून आपण गोलच काढतो. तो सपाट टेकला आहे हे ठाऊक असते, म्हणून तळाची रेषा सरळ ओढतो. परिणामी पेला मेजावरून घसरेल की काय, असा दिसतो.

माणसाला हे नियम उमगायलाही बराच काळ लागला. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने आरशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष इमारत आणि तिचे चित्र यांचा मेळ घालून दाखवला. १४३५ मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेवरील ग्रंथात यथादर्शनाची रीत मांडली. आपल्याला त्यासाठी जेवणाचे मेज पुरेसे आहे.

मेजावर स्टीलचा पेला ठेवा आणि वाकून डोळे त्याच्या काठाच्या पातळीत आणा. काठ एका सरळ रेषेसारखा दिसेल. हळूहळू ताठ बसा, नंतर उभे राहा. ती रेषा उघडत जाऊन लंबवर्तुळ होईल. तळ डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असतो, म्हणून तळाची कमान काठापेक्षा अधिक गोलाई घेते. एवढे एक ध्यानात आले, तरी तांब्या, वाटी, डबा, कुंडी सगळे मेजावर नीट बसू लागतात. मापे घेताना हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरावी आणि एक डोळा मिटावा. दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोघांना किंचित निराळी दृश्ये दिसतात. कागदावर मात्र एकच उतरवायचे असते.

आठवडाभराने अक्षरांकडे वळावे. वस्तूच्या चकाकीत आणि सावलीत नवशिक्याचा गोंधळ होतो. सरळ कडांच्या अक्षरांत नियम स्वच्छ दिसतो. ‘मग’ हा शब्द जाड, कोनदार अक्षरांत लिहा आणि त्याच्या वर, थोडे बाजूला, एक बिंदू द्या. हा विलोपबिंदू. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे भासतात, तसा. अक्षरांच्या कोपऱ्यांपासून या बिंदूकडे पुसट रेषा न्या आणि थोड्या अंतरावर मूळ कडांना समांतर रेषांनी त्या तोडा. अक्षरे लाकडात कोरल्यासारखी उभी राहतील. बिंदू वर असल्याने शिरोरेषेचा माथा दिसेल. तोच शब्दाच्या खाली घेतला, तर अक्षरांचे तळ दिसतील. पुढे कधी दुकानाची पाटी बाजूने, तिरपी न्याहाळावी. शिरोरेषा आणि अक्षरांचा तळ दूरच्या टोकाकडे एकमेकांजवळ येतात, आणि अक्षरे अरुंद होत जातात. देवनागरीने आपल्याला ही मार्गदर्शक रेषा आयतीच दिली आहे.

आता वैद्यकीय सूचना. चाळिशीनंतर जवळचा कागद आणि लांबची वस्तू अशा येरझाऱ्यांनी डोळे दमतात. चष्म्याचा नंबर तपासलेला असावा, उजेड भरपूर असावा, आणि दर वीस मिनिटांनी नजर खिडकीबाहेर दूरवर न्यावी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. एक डोळा मिटून खिडकीच्या गजांकडे पाहताना ते मध्येच वाकलेले वा लहरी दिसले, तर तो यथादर्शनाचा भाग नव्हे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या विकारांत असे घडते, आणि दोन्ही डोळे उघडे असताना निरोगी डोळा ही खूण झाकून टाकू शकतो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे.

नातवंडे सोबत बसली तर उत्तमच. मात्र त्यांची चित्रे सुधारू नयेत. लहान मुले आपल्याला ठाऊक असलेले जग काढतात, म्हणून त्यांच्या गाडीला चारही चाके एकाच बाजूला दिसतात. ती त्यांच्या वयाला साजेशीच असतात.

चित्रे काढल्याने विस्मरणाचा आजार टळतो, असे आश्वासन मी देणार नाही. परंतु रोजच्या वीस मिनिटांत मन एका वस्तूवर स्थिरावते, आणि घरातली परिचित भांडी आपण प्रथमच नीट पाहतो. पहिल्या पानावर तारीख घालावी. पेला कितीही वाकडा आला, तरी ते पान फाडू नये. महिन्याभराने तोच पेला पुन्हा काढून दोन्ही शेजारी ठेवायचे आहेत.