खांदा कुणाचा, बंदूक कुणाची?

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की आठवड्यातून एकदा तरी जेम्स बाँड निघतोच. २०२५ मध्ये बाँडपटांची सूत्रं अ‍ॅमेझॉनकडे गेली आणि पुढच्या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. तेव्हापासून तर नवा बाँड कोण यावर चहाच्या पैजा लागतात आणि त्या निमित्ताने जुन्या सहा जणांची पुन्हा पुन्हा उजळणी होते.

इतिहासाचे सर शॉन कॉनरीचे. त्यांच्या मते बाँड एकच होऊन गेला, बाकीच्या पाच जणांनी नुसता त्याचा कोट घातला. विज्ञानाचे सर डॅनियल क्रेगचे, कारण त्याला मार लागतो, रक्त येतं आणि तो रडतोसुद्धा. आमचे मुख्याध्यापक रॉजर मूरच्या बाजूने. एवढ्या मारामारीत त्याचा भांग मोडत नाही, याचं त्यांना फार कौतुक. पीटीच्या सरांनी कॉलेजात असताना 'गोल्डनआय' पाहिला, म्हणून ते पिअर्स ब्रॉस्ननचे. जॉर्ज लेझनबीला कुणी वाली नाही, कारण बिचारा १९६९ च्या एकाच चित्रपटात दिसला. आणि टिमथी डाल्टन म्हटलं की, "हा कोण?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझं मत सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर हसत विचारतात, "सर, तुमचा बाँड कोण? सलमानच ना?"

नाही. माझा बाँड टिमथी डाल्टन, आणि माझा चित्रपट १९६३ चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', जो कॉनरीचा आहे. हे ऐकून इतिहासाचे सर निम्मे खूश होतात आणि बाकीचे मला वेड्यात काढतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो.

माझी तक्रार कुणाच्या आवडीबद्दल नाही, मोजपट्टीबद्दल आहे. कोट कुणाला शोभतो, मोटार कुणाची भारी, कुणाच्या चित्रपटाने किती कमावले, यावर आपण नटाचा नंबर लावतो. 'स्कायफॉल'ने एक अब्ज डॉलरच्या वर धंदा केला, म्हणून क्रेग पहिला! असंच असेल तर उद्यापासून पेपर तपासायचे सोडून द्या आणि ज्याची बॅग महाग त्याला पहिला नंबर द्या. बाँडचा कोट शिंपी शिवतो आणि मोटार कंपनी देते. त्यातून बाँड कळत नाही. बाँड कळतो तो त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून.

बाँड कुठल्याही देशात उतरला की तिथे त्याला एक स्थानिक माणूस भेटतो. हा माणूस त्याला विमानतळावरून घेतो, गल्ल्या दाखवतो, भाषा समजावतो, जेवू घालतो आणि बहुतेक वेळा शेवटच्या रिळापूर्वी मरतो. या माणसाशी बाँड कसा वागतो, हीच माझी मोजपट्टी.

पहिल्याच चित्रपटापासून सुरुवात करू. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये हा माणूस क्वॉरेल आहे, केमन बेटांवरचा काळा नावाडी. समुद्र त्याला तळहातासारखा ठाऊक आहे आणि बाँडला बेटावर तोच नेतो. त्या बेटावर बाँड त्याला आपले बूट आणायला सांगतो, आणि तेही एखाद्या नोकराला सांगावं तसं. क्वॉरेल ड्रॅगनला घाबरतो, म्हणजे तो अडाणी, असं चित्रपटाला सुचवायचं आहे. तो 'ड्रॅगन' म्हणजे आग ओकणारं यंत्र निघतं आणि क्वॉरेल त्यात जळून मरतो. म्हणजे भीती खरी होती, पण ते मान्य करायला बाँडला फुरसत नाही. कॉनरीभक्तांनी हा प्रसंग पुन्हा एकदा पाहावा आणि मग 'एकच बाँड' म्हणावं.

आता वर्षभराने आलेला 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' घ्या. नट तोच, पण शेजारचा माणूस बदलला आहे. इस्तंबूलचा करीम बे हा ब्रिटिश हेरखात्याच्या तिथल्या ठाण्याचा प्रमुख. मोकळं हसणारा, पोरांचा मोठा गोतावळा असलेला आणि आपल्या पोरांनाच कामावर ठेवणारा. शहराच्या पोटातल्या जुन्या पाणटाक्यातून नाव वल्हवत तो बाँडला रशियन वकिलातीच्या खाली नेतो. शहर त्याचं आहे, बाँड पाहुणा आहे, आणि हे बाँडलाही माहीत आहे. याच चित्रपटात दोन बायकांची झुंज तमाशासारखी दाखवली आहे, ती मी माफ करत नाही. पण करीमची गोष्ट वेगळी आहे.

त्यातला एक प्रसंग मी वर्गात सांगतो. मराठीत 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे' हा वाक्प्रचार आहे आणि उर्दूतही तो जवळजवळ तसाच चालतो. पोरांना अर्थ सांगताना मला करीम बे आठवतो. त्याच्या हाताला जखम झालेली असते आणि समोर त्याचा जुना वैरी खिडकीतून बाहेर पडत असतो. करीम बंदुकीची नळी बाँडच्या खांद्यावर टेकवतो आणि गोळी झाडतो. खांदा बाँडचा, नेम करीमचा. सगळ्या मालिकेत हे चित्र असं उलटं मला दुसरीकडे दिसलं नाही. एरवी खांदा नेहमी क्वॉरेलचाच असतो.

पुढे करीम आगगाडीत मारला जातो, तेव्हा कॉनरीचा चेहरा पाहा. त्या वेळी तो विनोद करत नाही. करीमचं काम केलेला पेद्रो आर्मेंदारिस हा मेक्सिकन नट चित्रीकरणाच्या वेळी कर्करोगाने आजारी होता. त्याचे प्रसंग आधी उरकून घेतले गेले, आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, जून १९६३ मध्ये, तो गेला. इतका आजारी माणूस पडद्यावर इतका जिवंत दिसतो! माझ्या लेखी या चित्रपटाचा नायक तोच.

आता आपल्या लाडक्या चित्रपटाकडे येतो. 'ऑक्टोपसी' हा १९८३ चा, रॉजर मूरचा. "बाँड आपल्याकडे आला होता," असं आपण आजही छाती फुगवून सांगतो. उदयपूर, पिचोला तलाव, कबीर बेदी, विजय अमृतराज. लहानपणी गल्लीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर मी तो पाहिला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. मोठेपणी पुन्हा पाहिला आणि त्या टाळ्यांची लाज वाटली.

त्यात आपण काय आहोत? गारुडी, खिळ्यांच्या बिछान्यावरचा फकीर, तोंडातून आग काढणारा, तलवार गिळणारा. रिक्षाच्या पाठलागात आपला सगळा बाजार बाँडला वस्तू पुरवण्यासाठी उभा केलेला आहे. विजय अमृतराज म्हणजे विम्बल्डन गाजवलेला खेळाडू. त्याला पुंगी वाजवायला बसवलं. जुगारात जिंकलेल्या नोटा बाँड आपल्या भारतीय सहकाऱ्याच्या हाती देतो आणि वर म्हणतो की, यात तुमची काही आठवड्यांची करी भागेल. थिएटरात हशा. पुढे विजय मारला जातो, बाँड जरासा खिन्न होतो आणि गोष्ट पुढे सरकते. खलनायक कमाल खान हा अफगाण शहजादा. त्याचं काम केलंय एका फ्रेंच नटाने. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, "अहो, ती गंमत आहे." गंमत आहे हे कबूल. पण गमतीत प्रत्येक वेळी आपणच हसण्याची वस्तू असू आणि टाळ्याही आपणच वाजवू, तर त्याला गंमत म्हणायची की सवय?

त्यानंतर चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, 'द लिव्हिंग डेलाइट्स' आला. डाल्टनचा पहिला. इथे बाँडला अफगाणिस्तानातल्या रशियन तळाच्या कोठडीत कामरान शाह भेटतो. मळके कपडे, वेड्यासारखं वागणं. आणि मग कळतं की हा मुजाहिदांचा नेता आहे आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला आहे. इथे चित्रपट आपल्याला हसत नाही, आपल्या अंदाजाला हसतो. कामरान आपल्या माणसांसह तळावर तुटून पडतो आणि बाँड निसटतो. पण निसटल्यावरही तो विमानातून बॉम्ब टाकून पूल उडवतो आणि कामरानच्या माणसांमागे लागलेले रणगाडे अडवतो. एकाने खांदा दिला, दुसऱ्याने परत केला. डाल्टन हे सगळं कपाळाला आठी घालून करतो, म्हणून लोकांना तो रुक्ष वाटतो. मला तो इमानदार वाटतो.

चित्रपट निर्दोष नाही. कामरानचे साथीदार अफूच्या व्यवहारात आहेत आणि चित्रपट ते पटकन मागे टाकतो. त्यामागचं राजकारणही उघड आहे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या आणि तिथल्या लढवय्यांना अमेरिकेचा पैसा व शस्त्रं मिळत होती. मुजाहिद तेव्हा पाश्चात्त्यांचा दोस्त होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परत गेल्या आणि दोस्ताची गरज संपली.

पुढचं ऐका. कामरान शाहचं काम करणारा नट आर्ट मलिक, जन्म बहावलपूरचा. १९९४ मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या 'ट्रू लाइज'मध्ये तो पुन्हा दिसला. दाढी तीच, चेहरा तोच. पण आता तो अणुबॉम्ब घेऊन फिरणारा अतिरेकी होता. सात वर्षांत माणूस बदलला नव्हता, खांद्याची गरज बदलली होती. नटांचे नंबर लावणाऱ्यांनी हे दोन चित्रपट एका रात्रीत लागोपाठ पाहावेत. जगाचं राजकारण समजायला मला आणखी पुस्तकं लागली नाहीत असं म्हणणार नाही, पण सुरुवात तिथून झाली.

क्रेगच्या बाजूनेही बोलायला हवं. 'नो टाइम टू डाय'मध्ये फेलिक्स लायटर त्याच्या हातात जीव सोडतो, तो प्रसंग खरा आहे. पण याच क्रेगने 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये मेलेल्या माथिसला कचऱ्याच्या पेटीत टाकलं. विज्ञानाचे सर म्हणतात, "माथिसला त्याचं काही वाटलं नसतं." हे बाँडच म्हणतो, सर. मेलेल्याच्या वतीने बोलणं फार सोपं असतं.

आता थोडं आपल्या लोकांशी. आमच्यातले काही जण म्हणतात, "बाँड मुसलमानांच्या विरोधात आहे, बघूच नका." त्यांनी मोजणी केलेली नसते. डॉ. नो, गोल्डफिंगर, ब्लोफेल्ड, ड्रॅक्स, झोरिन, सिल्व्हा, साफिन... पंचवीस चित्रपटांच्या मुख्य खलनायकांत मुसलमानी नावाचा शोधायला गेलो तर कमाल खानच समोर येतो. खलनायकांची जात-जमात मोजत बसलात तर खरा प्रश्न हातातून निसटतो. शत्रूला मालिकेने भरपूर मान दिला आहे. त्याला बेट दिलं, महाल दिला, लांब भाषणंही दिली. मान नाकारला तो दोस्ताला. क्वॉरेलला आणि विजयला.

"सर, सिनेमा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" हा शेवटचा आक्षेप. त्यावर एक घरची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आलं. आमच्या पथकाच्या अधिकाऱ्यांनी वस्तीच्या तोंडाशीच गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "तुम्ही जा आत, तुमचीच माणसं आहेत." मी गेलो. संध्याकाळी सात मुलांची नावं हातात होती. पुढे समारंभात अधिकाऱ्यांना शाल मिळाली आणि फोटोत मी कडेला अर्धा कापला गेलो. मी घरी येऊन चिडलो, दोन दिवस अबोला धरला. मनात म्हणालो, बूट आणायला मी आणि फोटोला तुम्ही!

पण खरं सांगायचं तर ती नावं मी एकट्याने गोळा केली नव्हती. सर्वेक्षण म्हटलं की लोक दार लावून घेतात, कागद म्हटलं की घाबरतात. बिडी वळणाऱ्या एका खालांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं, "तुम बैठो सर, मैं बुलाती," म्हणाल्या आणि घरोघर माझ्यापुढे चालल्या. त्या दिवसाची त्यांची बिडीची मजुरी बुडाली. माझ्या अहवालात त्यांचं नाव नव्हतं. रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःला करीम बे समजत होतो, पण त्या गल्लीत करीम बे त्या होत्या आणि मी 'ऑक्टोपसी'चा बाँड होतो. फरक एवढाच की नोटा वाटण्याइतके पैसे माझ्याकडे नव्हते.

म्हणून मनावर घ्यायचं. पडद्यावर पन्नास-साठ वर्षं जे पाहून आपण हसतो, तेच वागणं उद्या आपल्याला साधं वाटू लागतं, मग आपण नोकरापेक्षा वरचे असू किंवा साहेबापेक्षा खालचे.

तर माझा निकाल असा. चित्रपट 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', बाँड डाल्टन, आणि सगळ्यात खालचा नंबर 'ऑक्टोपसी'ला, उदयपूरसकट. नवा बाँड गोरा असेल की काळा, उंच की बुटका, यावर स्टाफरूममध्ये पैजा चालू द्या. मी पैज लावणार नाही. पहिला प्रयोग सुरू झाला की मी त्याच्याकडे पाहणारच नाही, त्याच्या शेजारच्याकडे पाहीन. त्याला नाव आहे का, घर आहे का, आणि तो मेल्यावर कुणी दोन मिनिटं थांबतं का.

आणि हो, पुढच्या सर्वेक्षणाच्या अहवालात रकाना नसला तरी खालांचं नाव समासात लिहिणार आहे. आधी त्यांना विचारून.