खरेदीखत झाले, मालकीचे काय?

अंबाजोगाईच्या घरांच्या व जागांच्या बाजारात पुन्हा धुगधुगी आली आहे, ही गोष्ट आता कोणी नाकारील असे वाटत नाही. लातूरकडे आणि परळीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या अंगाने शेतांतून मुरमाचे रस्ते पडत आहेत, चुन्याच्या फक्क्या मारून भूखंड आखले जात आहेत, आणि शिक्षक, परिचारिका, निवृत्त कारकून, रुग्णालयातील डॉक्टर अशी मंडळी रविवारी सहकुटुंब जाऊन आपल्या भावी घराची हद्द दाखविणारा दगड पाहून येत आहेत. पडून राहिलेल्या घरांना गिऱ्हाइके मिळू लागली आहेत. या हालचालीचे कोणीही स्वागतच करील. परंतु भाव वर चढत असताना माणसे कागद वाचीत नाहीत, हा सर्वत्रचा अनुभव आहे. आणि मराठवाड्यात तर कागद वाचल्यावाचून जागा घेणे यासारखे दुसरे धाडस नाही. म्हणून हा विषय आज अग्रस्थानी घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाजार बसला कशाने, हे प्रथम आठविले पाहिजे. २०१२ पासून २०१६ पर्यंत एकामागून एक अशी अवर्षणे या भागाने सोसली. धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले. अंबाजोगाईची तहानही त्याच धरणावर भागते. ज्या गावात नळाला पाणी केव्हा येईल याचा भरवसा नाही, तेथे बाहेरून येऊन घर कोण घेणार? त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या आणि ज्या रोकडीवर जागांचे व्यवहार चालत तीच एका रात्रीत निरुपयोगी ठरली. पुढे २०२० ची महामारी आली. घरबाजाराचे कंबरडे मोडावयास याहून अधिक काय हवे होते?

बाजार उठला त्याची कारणेही तितकीच उघड आहेत. राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सूट दिली. शासकीय बाजारमूल्याचे दर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी जसेच्या तसे ठेवले. २०२५-२६ साली नगरपरिषदांच्या हद्दीत ते सरासरी ४.९७ टक्क्यांनी वाढविले. रिझर्व्ह बँकेचा जो रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला होता, तो २०२५ च्या डिसेंबरात सव्वापाचावर आला. मांजरेत पाणी साठले. आणि या सर्वांच्या जोडीला एक कारण असे आहे की ज्याचा उच्चार कोणी आनंदाने करणार नाही. २०२३ च्या उत्तरार्धापासून बीड जिल्ह्यात मोठमोठ्या मल्टिस्टेट पतसंस्था कोसळल्या आणि लाखो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. ज्यांची पुंजी वाचली त्यांनी धडा घेतला की पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवण्यापेक्षा आपल्या नावच्या जमिनीत घातलेला बरा. जमीन कोठे पळून जात नाही, असे ते म्हणतात. जमीन पळून जात नाही हे खरेच. पण तिचा मालक तुम्हीच आहात की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आपल्याकडील सुशिक्षितांतही एक गोड गैरसमज रूढ आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदले, अंगठा उठविला, छायाचित्र निघाले, शिक्का पडला, म्हणजे सरकारने आपली मालकी मान्य केली, असे लोक समजतात. वस्तुतः १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, हक्काची करीत नाही. विकणारा खरोखर मालक होता काय, हे पाहणे निबंधकाचे कामच नव्हे. हक्काची चौकशी करण्याचा अधिकार त्यास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिहारमधील एका प्रकरणाच्या निमित्ताने त्याच न्यायालयाने नोंदणी आणि मालकी यांतील या दरीकडे पुन्हा लक्ष वेधले. साध्या मुखत्यारपत्रावर वा साठेखतावर मालकी जात नाही, हे तर २०११ सालीच सांगून झाले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने १८५८ मध्ये जी पद्धती घालून दिली, तीत सरकार स्वतः हक्काची हमी घेते आणि नोंद चुकली तर भरपाई देते. आपले सरकार शुल्क घेते, हमी घेत नाही. २०२४-२५ या एका वर्षात महाराष्ट्र सरकारने मुद्रांक व नोंदणीपोटी ५७ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले. एवढ्या रकमेच्या बदल्यात नागरिकास मिळते ती केवळ एक नोंद, हा सौदा सरकारला सोयीचा आहे यात शंका नाही.

अन्य ठिकाणी ही उणीव निभावून जाते. मराठवाड्यात ती निभत नाही, याचे कारण इतिहासात आहे. अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव; निजामी राजवटीत त्याचे मोमिनाबाद झाले आणि येथे घोडदळाची छावणी राहिली. मंदिरे, मठ, समाध्या, दर्गे यांनी वेढलेल्या अशा गावांच्या शिवारात त्या काळी इनामे असावयाचीच. कोणास उपजीविकेसाठी मदतमाश म्हणून जमीन मिळे, तर कोणास देवस्थानाच्या सेवेसाठी खिदमतमाश म्हणून. १९५४ च्या हैदराबाद इनामे रद्द करण्याच्या कायद्याने इनामे गेली, परंतु त्यांतील बहुतांश जमिनींवर हस्तांतराचे निर्बंध राहिले. त्यालाच आपण आज वर्ग दोन म्हणतो. शासनाच्याच हिशेबाप्रमाणे मराठवाड्यात मदतमाशची सुमारे १३ हजार ८०० हेक्टर आणि खिदमतमाशची सुमारे ४२ हजार ७०० हेक्टर जमीन आहे. शिवाय १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखाली कुळांस मिळालेल्या जमिनी निराळ्याच. या साऱ्यांचा मूळ पुरावा कोठे सापडावयाचा? १९५४-५५ च्या खासरा पाहणीत, आणि त्यामागे उर्दू व फारशीतील मुंतखबांत. ते कागद वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पुण्या-मुंबईकडच्या रिवाजाप्रमाणे वकिलाने तीस वर्षांचा शोध घेऊन 'जमीन निर्वेध आहे' असा दाखला दिला म्हणजे गिऱ्हाइकाचे समाधान होते. येथे तीस वर्षे मागे जाऊन काय साधणार? दोष सत्तर वर्षांपूर्वीचा असतो, आणि तो मधल्या चार खरेदीखतांनी धुतला जात नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असे नव्हे. परंतु सरकारने शोधलेला उपाय मूळ दुखण्याहून विचित्र आहे. पुढील क्रम वाचकांनी जरा लक्षपूर्वक पाहावा. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची बेकायदा गुंठेवारी नियमित करावयाची होती. २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. तुकडेबंदी कायदा मोडून झालेले व्यवहार २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के भरून नियमित होत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंचविसाचे पाच झाले. आणि नोव्हेंबर २०२५ च्या वटहुकुमाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील व्यवहारांस शुल्कच उरले नाही. मदतमाश जमिनींचा नजराणा पन्नास टक्के होता. २०२४ साली तो पाच टक्क्यांवर आला. आणि मधल्या काळात, १२ जुलै २०२१ रोजी, असे तुकडे नोंदूच नयेत असे फर्मान नोंदणी खात्याने काढले होते. ते औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द केले. देवस्थान जमिनींची गोष्ट तर आणखी न्यारी. त्या मोकळ्या करण्याच्या घोषणा झाल्या, आणि धोरण ठरेपर्यंत त्यांची खरेदीखते नोंदवू नयेत असा हुकूम २०२५ मध्ये निघाला.

ज्या गरीब माणसाने वीस वर्षांपूर्वी दोन गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यावर पत्र्याचे घर बांधले, त्याची या माफीने सुटका होत असेल तर तिला विरोध करण्याचे आम्हांस कारण नाही. त्याला फसविणारा दुसराच होता. परंतु ज्याने रीतसर अभिन्यास मंजूर करून घेतला, मोकळी जागा सोडली, रस्ता नऊ मीटरचा ठेवला आणि म्हणून भूखंड महाग विकला, तो व्यापारी आज मूर्खात निघाला. आणि ज्याने यांतील काहीच केले नाही त्याच्या अंदाजाप्रमाणे सर्व घडून आले. पंचवीस, पाच, शून्य, या क्रमाचा अर्थ जमिनीच्या दलालास कळावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. १५ ऑक्टोबर २०२४ नंतर तुकडे पाडणारा आजच नव्या तारखेची वाट पाहत बसला असेल, असे आम्ही म्हटले तर तो त्याच्यावर अन्याय होईल काय?

यात बळी जातो तो मध्यमवर्गीय गृहस्थ. नगरपरिषदेच्या हद्दीत जागा परवडत नाही म्हणून तो मोरेवाडी, जोगाईवाडी, चनई अशा लगतच्या गावांकडे वळतो. तेथे त्याच्या हाती ग्रामपंचायतीचा नमुना आठ ठेवला जातो. हा नमुना म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद होय. मालकीशी त्याचा संबंध नाही. बँकेस हे ठाऊक असल्यामुळे ती अशा जागेवर कर्ज देत नाही. मग हा गृहस्थ भविष्यनिर्वाह निधी उपसतो, पत्नीचे दागिने गहाण ठेवतो. बँकेने नाकारलेल्या तारणावर आपण आपली सर्व पुंजी लावीत आहोत, ही गोष्ट त्याच्या ध्यानात कशी येत नाही, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. खरेदीखत शासकीय दराने होते आणि वरची रक्कम पिशवीतून जाते. जागेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रकमेचा इसार रोखीने घेणे २०१५ पासून निषिद्ध आहे आणि घेणाऱ्यास तितकाच दंड आहे. तथापि उद्या व्यवहार फिसकटला तर पिशवीतील रक्कम गिऱ्हाईक कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार?

जुन्या गावातील घरांच्या विक्रीचा प्रकार थोडा वेगळा. मंडी बाजाराच्या आसपासची दगडमातीची माळवदे, विशेषतः ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर, लोकांना भीतिदायक वाटू लागली. मुले पुण्यास गेली, घरांना कुलपे लागली. आता भाव आल्यामुळे हे वाडे विक्रीस निघत आहेत. येथे इनामाचा घोर नसला तरी वारसांचा आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यावरील शंका मिटविली. तरीही बहिणींना न विचारता भावांनी घर विकावे, ही रीत चालूच आहे. बहीण गप्प राहते म्हणून हक्क सोडते असे नाही. आणि तिची मुले गप्प राहतीलच असेही नाही. जुना वाडा घेणाऱ्याने सर्व बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे मागावीत, किंवा खरेदीखतावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. त्यात विकणाऱ्यास राग येण्याजोगे काही नाही.

मग करावयाचे काय? टॉरेन्सची हमी दिल्लीकडून वा मुंबईकडून येईल तेव्हा येईल. अंबाजोगाईपुरते एक काम मात्र तहसील कचेरी, भूमी अभिलेख खाते आणि नगरपरिषद यांनी मनावर घेतल्यास एका वर्षात होण्याजोगे आहे. शहराच्या व लगतच्या गावांच्या शिवारातील प्रत्येक गट क्रमांकापुढे तो इनामी आहे काय, कुळाचा आहे काय, वर्ग दोन आहे काय, त्यावर मंजूर अभिन्यास आहे काय आणि असल्यास कोणत्या तारखेचा, एवढी माहिती असलेली मराठी यादी तयार करावी. ती नोंदणी कचेरीच्या आणि ग्रामपंचायतींच्या दर्शनी भिंतीवर लावावी, म्हणजे इसार देण्यापूर्वी ती कोणासही वाचता येईल. जुने कागद उर्दूत आहेत, ते कोण वाचणार, ही सबब आता चालणार नाही. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी याच मराठवाड्यात निजामकालीन उर्दू व मोडी दफ्तरे उघडली गेली आणि दोन महिन्यांच्या आत सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासून झाल्या. जातीची नोंद शोधण्यासाठी वाचक मिळाले. जमिनीची नोंद शोधण्यासाठी ते मिळणार नाहीत, असे कसे म्हणता येईल?

ही यादी निघाल्यास काही जागांचे भाव पडतील. काही प्रतिष्ठितांचे हितसंबंध दुखावतील आणि यादी अपुरी आहे, सदोष आहे, लोकांत घबराट पसरेल, असा ओरडा होईल. भाव पडावयाचे असतील तर ते गिऱ्हाइकाने पैसे मोजण्यापूर्वी पडलेले बरे. तोपर्यंत जागा पाहावयास निघालेल्या वाचकांनी सातबारावरील 'भोगवटादार वर्ग' या रकान्यापासून वाचनास आरंभ करावा, फेरफाराची साखळी खासरा पाहणीपर्यंत मागे न्यावी, मोजणी करून घ्यावी, रक्कम बँकेमार्फतच द्यावी. आणि एवढे होईपर्यंत जो विक्रेता 'उद्या भाव वाढतील' असे सांगून घाई करतो, त्याचा भूखंड त्याच्यापाशीच राहू द्यावा.