नावातला जादा 'ए' कोणाच्या खात्यावर?



आज थोडं कडक बोलणार आहे. ज्यांच्या घरी नुकतंच बारसं झालंय किंवा येत्या महिन्यात व्हायचंय, त्यांनी रागावलं तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

हल्ली आपल्या घरांत बाळाचं नाव दोनदा ठरतं. पहिल्यांदा घरातली माणसं बसून ठरवतात: ऋषभ, श्रेयांस, त्रिशला, ब्राह्मी. ऐकून बरं वाटतं. मग ते नाव अंकशास्त्रवाल्याकडे जातं. तिथून परत येताना त्याला एक जादा ए चिकटलेला असतो आणि आयच्या जागी वाय बसलेला असतो. हाक मारायची ऋषभ, आणि लिहायचं आर-वाय-एस-एच-ए-ए-बी-एच! पत्रिका हातात घेऊन पाहुणे एकमेकांना विचारतात, "हे वाचायचं कसं?"

माझं म्हणणं एवढंच आहे. नाव हवं तेवढं दुर्मिळ ठेवा, पण सरळ नावाचं स्पेलिंग वाकडं करू नका.

दुर्मिळ नावांना माझा विरोध नाही. आपल्या पुराणांत सुपार्श्व, मरुदेवी, चंदनबाला, सुलोचना अशी नावं पडून आहेत, त्यातली निम्मी आज कोणी ठेवत नाही. 'ऋ'च्या बाबतीतही माझं भांडण नाही. आपण मराठी माणसं रु म्हणतो, हिंदीवाले रि म्हणतात, म्हणून कोणी यू लिहितं, कोणी आय. तो उच्चाराचा फरक आहे. माझा विरोध आहे तो उच्चार तसाच ठेवून केवळ बेरजेसाठी घुसडलेल्या अक्षराला.

आता ही बेरीजच तपासू. मी बी.कॉम. आहे, आकड्यांना घाबरत नाही. अंकशास्त्रात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक आकडा दिलेला असतो. आपल्याकडे जास्त चालते ती खाल्डियन पद्धत. तिच्यात ए, आय आणि वाय यांना १, बी आणि आर यांना २, एसला ३, एचला ५. ऋषभ हे आयचं साधं स्पेलिंग धरलं तर बेरीज येते १९, म्हणजे १ आणि ९ मिळून १०, म्हणजे १. आता हेच स्पेलिंग पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने मोजा. तिथे आर ९, आय ९, एच ८. बेरीज ३८, म्हणजे ११, म्हणजे २. मूल तेच, नाव तेच, आकडे दोन! एकाच दुकानाचे एकाच वर्षाचे दोन ताळेबंद घेऊन गेलात तर कोणता ऑडिटर सही करेल?

आणि तो जादा ए का येतो, तेही सांगते. त्याची किंमत १ आहे. एक ए वाढवला की बेरीज एकाने सरकते, दोन वाढवले की दोनाने. कॉलेजात आमची तेरीज जुळली नाही की उरलेला फरक आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. पण सर बजावायचे, हे उत्तर नव्हे, चूक शोधायची अजून बाकी आहे. इथे मात्र तो फरक बाळाच्या नावात टाकतात आणि वर दक्षिणा घेतात. शिवाय हे आकडे आहेत इंग्रजी अक्षरांचे. खाल्डियातली माणसं इंग्रजी लिपी लिहीत नव्हती, आणि आपले तीर्थंकरही नाही. आपल्या परंपरेत तर भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. दोन मुलींना दोन स्वतंत्र विद्या दिल्या. एकीचं दुसरीत मिसळून भविष्य काढायला शिकवल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आता धर्माचं बोलू, कारण मला खरा त्रास तिथे होतो. आपण जमीनकंद खात नाही, पाणी गाळून पितो, पर्युषणात उपवास करतो. मुलांना पाठशाळेत आठ कर्मं पाठ करायला लावतो. त्या आठांत एक नामकर्म आहे, आणि त्याच्या प्रकृतींत एक यशःकीर्ती आहे. म्हणजे जगात नाव होणं, कीर्ती मिळणं हे कशामुळे घडतं, याचं उत्तर आपल्या शास्त्रात आधीच दिलेलं आहे. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय काढून पाहा. मन, वचन आणि काया यांचा वाकडेपणा आणि दुसऱ्याला चुकीच्या वाटेला लावणं यांनी अशुभ नामकर्म बांधलं जातं, आणि सरळपणाने शुभ. यशासाठी सरळ व्हा असं शास्त्र सांगतं, आणि आपण यशासाठी स्पेलिंग वाकडं करतो!

बाळाचं भलं त्याच्या स्वतःच्या परिणामांवर आणि कर्मावर आहे, की वायच्या शेपटीवर? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तीन मूढता सांगितल्या आहेत. त्या दुसऱ्यांना दाखवण्यासाठी नाहीत, आपल्या घरात शोधण्यासाठी आहेत.

मग शास्त्र नावाबद्दल काही सांगतच नाही का? सांगतं ना. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात गर्भान्वय क्रिया दिल्या आहेत, त्यांत नामकर्म ही एक क्रिया आहे. ती जन्मानंतर बारा दिवसांनी करायची. नाव निवडायची एक रीत तिथे अशी सांगितली आहे, की जिनेंद्रांच्या १००८ नावांच्या चिठ्ठ्या घटात ठेवायच्या आणि त्यातून एक उचलायची. किती सुंदर! १००८ पैकी कोणतंही येऊ दे, सगळी सारखीच मंगल. हा आकडा चांगला आणि तो वाईट, ही भानगडच नाही.

आणखी एक. निक्षेप शिकताना आपण पहिला शिकतो तो नामनिक्षेप. गुण असो वा नसो, व्यवहारासाठी दिलेली संज्ञा म्हणजे नाव. भिकाऱ्याच्या मुलाचं नाव इंद्र असू शकतं. नाव हाक मारायला आणि ओळख पटवायला आहे. मग ज्या स्पेलिंगने ओळख पटवणंच अवघड होतं, ते नावाच्या मुळावरच उठलं नाही का?

व्यवहाराचं उदाहरण माझ्या नात्यातलंच आहे. मुलाचं नाव साधं, पण स्पेलिंगमध्ये दोन ए आणि एक वाय. जन्मदाखल्यावर तसंच आलं. आधार काढताना लिहून घेणाऱ्याने एक ए गाळला. शाळेने आपल्या सवयीने आय लिहिला. शिष्यवृत्तीचे पैसे यायची वेळ आली तेव्हा तीन कागदांवर तीन मुलं! त्याची आई नोकरी करते. तिने अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या किती रजा काढल्या, किती प्रतिज्ञापत्रं केली, याचा हिशेब अंकशास्त्रवाल्याने विचारला नाही. त्याचे अकरा हजार त्याला बारशाआधीच मिळाले होते. तेवढ्या पैशांत एखाद्या गरीब मुलीची वर्षाची वह्या-पुस्तकं आली असती. आपण त्याला ज्ञानदान म्हणतो.

"एका अक्षराने काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी आताचे नियम पाहावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. म्हणजे पहिल्या कागदावर जे लिहिलं त्याची सावली आयुष्यभर मागे येणार. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहावं लागतं. चांगलीच गोष्ट आहे. पण आता बाळाबरोबर आईचंही स्पेलिंग सगळीकडे जुळायला हवं. लग्नानंतर ज्या सुनांच्या नावाला घराने "लकी" अक्षर जोडलं, त्यांनी आपले जुने दाखले एकदा काढून बघावेत.

काही जणी म्हणतील, "अमुक नटाने स्पेलिंग बदललं आणि नशीब उघडलं." ज्यांनी बदललं आणि काहीच झालं नाही, त्यांची यादी कोणी ठेवली आहे का? बुडीत खाती न दाखवता फक्त वसुली दाखवली, तर कोणतीही पेढी नफ्यातच दिसते.

काही म्हणतील, "सासूबाईंच्या समाधानासाठी करतो." मी स्वतः सासू आहे, म्हणून सांगते. सासूचं समाधान नातवाच्या हाकेला ओ देण्यात आहे. आणि सासूच हट्ट धरत असेल, तर तिला हा लेख वाचून दाखवा.

उशिराची भीती बाळगू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, पण नाव ठरलं नसेल तर ती नावाशिवायही होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा दवाखान्यात घाईने काही लिहून देऊ नका. घरी कागदावर इंग्रजीत आणि देवनागरीत नाव लिहा. शेजारच्या मुलाला इंग्रजी वाचायला सांगा. मग फोनवर कोणाला तरी नाव एकदाच सांगून लिहायला लावा. दोघांचं बरोबर आलं, तर स्पेलिंग पक्कं. मग तेच दाखल्यावर, तेच आधारवर, तेच शाळेत.

आपल्याकडे आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. कानात उच्चार जातो. तिथे दोन ए आणि एक ए यांत काही फरक नसतो. तो फरक उरतो फक्त खिडकीपलीकडच्या कारकुनापाशी, आणि तिथल्या रांगेत अंकशास्त्रवाला उभा राहत नाही. आधी आई उभी राहते, मग पुढे ते लेकरू.

येत्या बारशाला जाल तेव्हा बाळाच्या आईला हे जरूर सांगा. ती रागावली तर माझं नाव सांगा. त्याचं स्पेलिंग अगदी साधं आहे.

जय जिनेंद्र.